कुणाच्या चारचं विमान?

एक पुठ्ठ्याचं घड्याळ. काटे टाचणीने अडकवलेले. सात वर्षांची एक मुलगी ते हवे तसे फिरवते आणि म्हणते, "चला, घरी जायची वेळ झाली."

एक टॅक्सीवाली. तिच्या घरात सध्या दोनदा पानं वाढली जातात.

एक शिट्टी. आतला मणी अडकलेला, तरी वाजते.

दवाखान्याच्या बाकावर बसलेली एक बाई. स्वेटरची उसवलेली बाही शिवते आहे आणि दोरा दातांनी तोडते आहे.

एक पूल. त्याला दोन फाटकं.

मित्रांनो, मी एक जुनी थंड पेटी आहे. हे सगळं एका दिवसात माझ्या वाटेला आलं. एकेक करून सांगते.

*

थंडी: अजून भरलेलीच नाही.

माझा जन्म साच्यात झाला. बाहेरून निळं जाड प्लॅस्टिक, आतून पांढरा फोम, मध्ये हाताएवढा कप्पा. झाकणाला दोन बिजागऱ्या आणि वर एक रुंद पट्टा. माझ्याबरोबर जन्मलेल्या बऱ्याच पेट्या सहलीला गेल्या. त्यांच्या नशिबी सरबतं आली आणि आइस्क्रीम आलं. मला मात्र एका मोठ्या दवाखान्याने घेतलं.

काही माणसांच्या हाडांच्या आतली मज्जा आजारी पडते. मज्जा म्हणजे रक्ताचा कारखाना. तो बिघडला की दुसऱ्या कुणाची तरी मज्जा आणावी लागते, आणि ती जुळणारी व्यक्ती घरात सापडेलच असं नाही. कधी ती दुसऱ्याच देशात असते. तिने दिलेली मज्जा एका पिशवीत भरतात आणि ती पिशवी माझ्या पोटात ठेवतात. मग मी गाड्या, विमानं करत आजाऱ्यापर्यंत जाते.

मला घड्याळ कळत नाही, मित्रांनो. माझ्या कप्प्याच्या चारी बाजूंना थंड केलेल्या चपट्या पुड्या असतात. त्या हळूहळू पाणी होतात. किती पाणी झालं, तेवढाच वेळ गेला. माझ्यापुरता हिशेब इथे संपतो.

माणसांचा तसा नाही.

*

थंडी: पूर्ण.

मला नेण्या-आणण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे पंचकाका म्हणत. निवृत्त होण्याआधी ते फुटबॉलचे पंच होते. मैदानावर बावीस खेळाडू, हजारो प्रेक्षक, पण वेळ एकाच मनगटावर. त्यांच्या. ते शिट्टी वाजवतील तेव्हा खेळ सुरू आणि ते वाजवतील तेव्हा संपला. कुणी हुज्जत घातली तर ते नुसतं मनगट पुढे करत.

ती सवय त्यांनी माझ्याबरोबरही ठेवली होती. कुठल्याही देशात उतरले तरी ते मनगटावरचे काटे हलवत नसत. घड्याळ घरच्या वेळेवर. तिकडची वेळ किती मागे, किती पुढे, हे निघतानाच विचारून घ्यायचे आणि तोंडी वजाबाकी करायचे. "आपली पेटी जिथे पोचायची, तिथलीच वेळ खरी," असं म्हणायचे. जुनी शिट्टी त्यांनी माझ्या मुठीला बांधली होती, ओळखीची खूण म्हणून.

आणि मला ते हातातून सोडत नसत. कामाचा नियमच होता तो. शौचालयातसुद्धा मी बरोबर. एकदा बाहेर रांगेतल्या माणसाने विचारलं होतं, "काका, डबा घेऊन आत?" काका म्हणाले, "तुम्ही तुमचं बघा."

आमची फार वाहवा झाली त्या काळात. आया माझ्या झाकणावर हात ठेवून रडायच्या. एका आजोबांनी मला चक्क नमस्कार केला होता.

मग मुंगीची पाळी आली.

मुंगी हे तिचं खरं नाव नव्हे. ती इतकी बारकी झाली होती की दवाखान्यात तिला सगळे तेच म्हणायचे. पुठ्ठ्याचं घड्याळ तिचंच. शाळा बुडली म्हणून तिच्या बाबांनी ते खोलीत शिकवण्यासाठी बनवलं होतं. निघण्याआधी ताईंनी मला खोलीच्या काचेशी धरून तिला दाखवलं. ताई म्हणजे आमचा सगळा प्रवास आखणाऱ्या बाई. कुठून निघायचं, कधी घ्यायचं, कुठलं विमान, सगळं त्याच ठरवत.

मुंगीने काचेपलीकडून विचारलं, "यात माझं रक्त येणार?"

"रक्त बनवणारं सामान येणार," ताई म्हणाल्या.

"मग घर बनवतात तसं? आधी जुनं पाडतात?"

ताईंनी मान डोलावली. कारण अगदी तसंच होतं. नवी मज्जा यायच्या आधी जबर औषधं देऊन मुलीची जुनी मज्जा पाडून टाकली होती. ती परत उभी राहणार नव्हती. आता मी पोचले नाही, तर त्या मुलीकडे काहीच नव्हतं.

जाताना काकांनी ताईंना एकच प्रश्न विचारला. "फरक किती?"

"एक तास. ते आपल्या मागे."

"झालं तर," काका म्हणाले.

*

थंडी: पूर्ण. पिशवी आत.

इथे जरा थांबून नीट ऐका.

देशाची वेळ सूर्य ठरवतो असं तुम्हाला वाटत असेल. सूर्य फक्त उगवतो आणि मावळतो. आता सात वाजले म्हणायचं की आठ, हे सरकार ठरवतं. तो पलीकडचा देश हिवाळ्यात आमच्या एक तास मागे असायचा. उन्हाळा आला की तिथले सगळे आपापली घड्याळं एक तास पुढे करायचे, मग दोन्ही देशांची वेळ सारखी व्हायची. दर वर्षीचं ठरलेलं होतं. पण त्या वर्षी तिथल्या सरकारने अगदी ऐनवेळी जाहीर केलं: घड्याळं इतक्यात पुढे करू नका, एक महिना थांबा.

निम्म्यांनी ऐकलं. सरकारी दवाखाने, पोलीस, शाळा जुन्या वेळेवर राहिले. निम्म्यांनी ऐकलं नाही. विमान कंपन्यांचं सगळं आधीच साऱ्या जगाशी ठरून गेलं होतं, कारखान्यांच्या पाळ्या लागल्या होत्या. ते पुढच्या वेळेवर गेले. म्हणजे एकाच गावात, एकाच रस्त्यावर, दोन वेळा नांदत होत्या. लोक एकमेकांना भेटले की विचारायचे, "तुमची कुठली? जुनी की नवी?"

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ताईंनी दवाखान्याला विचारलं होतं: पिशवी कधी मिळेल? ते म्हणाले, दोन वाजता, स्थानिक वेळ. विमान कंपनीला विचारलं: विमान कधी? ते म्हणाले, चार वाजता, स्थानिक वेळ. विमानतळ तासाभरावर. सगळं छान बसत होतं.

दोनला पिशवी आली. तिथल्या परिचारिकेने ती दोन्ही हातांनी माझ्या कप्प्यात ठेवली. सांगितल्यापेक्षा मज्जा कमीच निघाली होती. "हिच्यातल्या पेशी तासातासाला मरत जातात," ती म्हणाली. "आधीच कमी आहेत. उद्या सकाळच्या आत चढली पाहिजे. वाटेत रेंगाळू नका."

मग झाकण लावता लावता तिने विचारलं, "काका, विमान कितीचं?"

"चारचं."

"ते कळलं हो. कुणाच्या चारचं?"

काका हसले. त्यांनी मनगट पुढे केलं. "बाई, मैदानात दोन घड्याळं झाली की मारामाऱ्या होतात. वेळ एकच असते."

ती आणखी काही बोलणार होती. पण तिला आतून हाक आली, आणि काकांनी पट्टा मनगटाला गुंडाळून मला उचललं.

मला तोंड असतं तर, मित्रांनो.

*

थंडी: भरपूर.

विमानतळावर काका माझ्या मुठीवर आपटणाऱ्या शिट्टीच्या तालावर चालत आत शिरले. मनगटावर घरचे चार. वजा एक, म्हणजे तिथले तीन. विमानाला अख्खा तास.

काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं आणि मग काकांकडे पाहिलं. "हे विमान गेलं."

"चारचं आहे ते."

"चारचंच गेलं. चार वाजून गेले."

"तीन वाजलेत," काका म्हणाले आणि त्यांनी मनगट पुढे केलं.

तिने नुसतं वर बोट दाखवलं. भिंतीवर बैलगाडीच्या चाकाएवढं घड्याळ होतं. त्यात चार वाजून गेले होते. ती कंटाळून म्हणाली, "दवाखान्यातून आलात ना? तीन दिवस झाले, तिकडून येणारे सगळे असेच येतात."

"पुढचं विमान?"

"परवा."

काका मला मांडीवर घेऊन तिथल्याच पायरीवर बसले. हजारो माणसं शिव्या घालत असताना न हललेला तो माणूस आता मला आवळून मागेपुढे डुलत होता. पिशवी आत हलली.

"मुंगी," ते म्हणाले.

*

थंडी: पुरेशी. कोपऱ्यात पाणी.

रस्त्याने सीमा गाठायची, पूल ओलांडायचा, पलीकडून दवाखान्याच्या गाडीने जायचं. दुसरा मार्ग नव्हता. टॅक्सीवाल्यांच्या रांगेतून एकच बाई यायला तयार झाली.

तिने गाडी अशी काढली की मी काकांच्या पोटावर आदळले.

"काका, घाबरू नका. मी सध्या कुठेच वेळेवर पोचत नाही, पण पोचते सगळीकडे," ती म्हणाली. "आमच्या घरी काय तमाशा चाललाय विचारू नका. नवऱ्याचा कारखाना नव्या वेळेवर. पोरांची शाळा जुन्या. तो भूक भूक करत येतो तेव्हा पोरं अजून शाळेत. मी दोनदा वाढते, दोनदा भांडी घासते. सासूबाई म्हणतात, मी कुठलीच वेळ मानत नाही, मला भूक लागली की वाढ."

काका हसले नाहीत. त्यांनी मोबाइल काढला. तिथे तो दर थोड्या वेळाने मत बदलत होता. एका कंपनीच्या मनोऱ्याजवळून गेलं की एक तास पुढे, दुसरीच्या जवळून गेलं की मागे. त्यांनी वैतागून तो उलटा ठेवला आणि ताईंना फोन लावायला टॅक्सीवालीचा घेतला.

ताईंचा आवाज फाटला होता. "काका, मी गाडी घेऊन पुलाच्या आपल्या बाजूला येते. पण आठच्या आत या. आठला फाटक बंद झालं की सकाळपर्यंत उघडत नाही."

"आठ. कळलं."

"आठ हं, काका."

"कळलं म्हटलं ना."

दोघांनीही कुणाचे आठ ते सांगितलं नाही. एवढी चपराक बसूनही नाही.

"दोन्ही फाटकं एकदमच बंद होतात," टॅक्सीवाली म्हणाली. "आमचं आणि तुमचं. उन्हाळ्यात आठला. पाटीसुद्धा बदलली परवा. आमच्या फाटकावर पोलीस असतात, म्हणजे सरकारी, म्हणजे जुनी वेळ. ही बघा, माझ्या गाडीत लावलीय."

आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. काकांनी मनगटावरच्या घड्याळाची चावी ओढली. मग गाडीतल्या घड्याळाकडे बघत त्यांनी काटे एक तास मागे घेतले. "माझाच हट्ट नडला," ते हळू म्हणाले. "आता जिथे आहे तिथलीच वेळ."

कळलं का, मित्रांनो, काय झालं ते? विमानाच्या वेळी त्यांनी घड्याळ बदललं नाही, आणि विमानाची वेळ कुणाची हे विचारलं नाही. आता त्यांनी घड्याळ बदललं, तेव्हाही पलीकडच्या फाटकाची वेळ कुणाची हे विचारलं नाही. आमच्या देशातले आठ त्या गाडीतल्या घड्याळात सातलाच वाजणार होते.

*

थंडी: बरी. दोन पुड्या पाणी.

पलीकडच्या देशाचं फाटक उघडंच होतं. पाटीवर आठ, तिथल्या पोलिसाच्या घड्याळात सव्वासात. शिक्का पडला. काका मला छातीशी धरून पुलावरून निघाले, जवळजवळ पळतच. खाली नदी काळी दिसत होती. वारा होता. मला बरं वाटलं, वाऱ्याने बाहेरून थंडी मिळत होती.

पूल संपला आणि आमचं फाटक बंद होतं.

काकांनी गज धरून हलवले. आतून एक पहारेकरी आला, मिशा पुसत.

"बंद झालं."

"आठला होतं ना? सव्वासात झालेत."

"कुठे झालेत?"

काकांनी गजातून मनगट आत घातलं. पहारेकऱ्याने आपलं मनगट शेजारी धरलं आणि त्यावर टॉर्च मारला. दोन घड्याळं एकमेकांना चिकटून. मिनिटकाटे एकाच जागी. तासकाटे मात्र एकमेकांपासून एक घर लांब.

काकांनी ते एक घर काचेवर बोटाने मोजलं.

"सकाळी या," पहारेकरी म्हणाला, जरा नरमाईने. "मशिनं बंद झाली. शिक्का बसत नाही आता."

काका उलट पळाले. पुलाच्या त्या टोकाला पोलिसाने मान हलवली. "काका, तुम्ही गेलात. आमच्या लेखी तुम्ही इथे नाहीच. परत यायचं तर नवा परवाना लागेल."

म्हणजे आम्ही पुलावर होतो. एका देशातून निघालेले, दुसऱ्यात न पोचलेले. आणि माझी तिसरी पुडी पाणी व्हायला लागली होती.

काका परत आमच्या फाटकाशी आले. पहारेकऱ्याला म्हणाले, "साहेब, मी पंच होतो. आयुष्यभर लोक माझ्याकडे जादा वेळ मागायचे. दोन मिनिटं द्या, एक मिनिट द्या. मी दिला नाही कधी. आज मी मागतोय."

"माझ्या हातात असतं तर दिला असता हो. मॅडम जेवायला गेल्यात."

काकांनी माझ्या मुठीची शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. मणी अडकलेला, त्यामुळे आवाज चिरका, किंचाळल्यासारखा निघाला. ते फुंकत राहिले. दम संपला की श्वास घेऊन पुन्हा. पलीकडचा पोलीसही बाहेर येऊन उभा राहिला.

शेवटी गळ्यात रुमाल तसाच अडकवलेली एक अधिकारी बाई तरातरा आली. "काय चाललंय? मॅच आहे का इथे?"

काकांनी सगळं सांगितलं. भराभर, उलटसुलट. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्यावर शिक्का नाही, तर मी तुम्हाला आत घेऊ शकत नाही. घेतलं तर उद्या माझ्याच हातात राजीनामा."

"मला नका घेऊ," काका म्हणाले. "हिला घ्या."

मी ऐकलं आणि माझा विश्वास बसेना. शौचालयातही न सोडलेली मी.

"काय आहे आत?"

"एका मुलीचं उद्यापासूनचं रक्त."

"उघडा. बघते."

"उघडलं तर थंडी जाईल."

गजातून हात घालून तिने आपला तळवा माझ्या झाकणावर ठेवला. बराच वेळ. आयांसारखा.

"पेटीला पासपोर्ट कुठे लागतो," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "खुर्ची आण. बाकीचं मी निस्तरते."

गजांतून मी जाईना. फटीपेक्षा मी रुंद होते. म्हणून वरून. काका कठड्यावर चढले, पहारेकरी खुर्चीवर. माझा पट्टा काकांच्या मनगटाला अजून बांधलेला होता; त्यांनी वाकून मनगट गजांशी धरलं. अधिकारी बाईंनी गजातून हात घालून गाठ सोडली. मग मी वर गेले. फाटकाच्या टोकांवर माझं बूड घासलं, झाकणाची एक बिजागरी कडकन मोडली. आणि मधल्या एका क्षणी काकांच्या हातातून मी सुटले होते आणि पहारेकऱ्याच्या हातात आले नव्हते.

मित्रांनो, त्या क्षणी मी कुठल्याच देशात नव्हते. तिथे किती वाजले होते, ते कुणीच सांगू शकणार नाही.

ताई खाली पळत येत होत्या. काका वरून ओरडले, "झाकण दाबून धरा. मोडलंय."

ताईंनी मला दाबून धरलं. थेट दवाखान्यापर्यंत, दोन्ही हातांनी.

*

थंडी: जेमतेम.

पिशवी चढली. मुंगीची आई त्या नळीकडे बघत होती, एकेक थेंब डोळ्यांनी खाली ढकलत असल्यासारखी. मग दिवसामागून दिवस काहीच घडलं नाही. रोज रक्त तपासायचे, रोज आकडा शून्याच्या आसपास. मुंगीचे बाबा जिन्यात बसून राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कमी होत्या ना पेशी. कमीच होत्या." मुंगी घड्याळ फिरवायची नाही. ते उशाशी पालथं पडलेलं असे.

तिसऱ्या आठवड्यात आकडा हलला. जरासाच. ताईंनी तो दोनदा तपासून घेतला. मग पुन्हा हलला. पुढे एक दिवस मुंगी पुठ्ठ्याचं घड्याळ काखेत मारून घरी गेली.

पंचकाका ती पहिली सगळी रात्र पुलावर बसून होते. दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांनी त्यांना चहा दिला. एकाने पावणेदहाला, दुसऱ्याने पावणेनऊला. दोघांनी एकदमच. नंतर काकांनी काम सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. पेटी हातातून सोडली, नियम मोडला, म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःला लाल कार्ड दाखवलं. एकदा मला बघायला आले होते. शिट्टी त्यांनी सोडवली नाही. मनगटावरचं घड्याळ अजून एक तास मागेच होतं.

मोडक्या बिजागरीची पेटी प्रवासाला चालत नाही. मी आता ताईंच्या खोलीत कोपऱ्यात असते. माझ्या पोटात दोन छत्र्या आणि कुणाचा तरी एक हातमोजा आहे. कुणी माझ्यावर हात ठेवत नाही, कुणी ठेवलाच तर चहाचा कप. त्याचं मला वाईट वाटतं, पण सवय होईल.

माझं एक ऐका. दूरच्या कुणाला "चारला भेटू" असं सांगाल, तेव्हा लगेच पुढे म्हणा: तुमच्या चारला, की माझ्या? तिकडे आज कुठली वेळ पाळतात, हे आज विचारा. गेल्या महिन्यात विचारलं होतं, ते पुरत नाही. आणि कुणी तुम्हाला हे विचारलं तर हसू नका, मनगट पुढे करू नका. थांबून उत्तर द्या. कुणाच्या तरी हातात पेटी असू शकते.

ज्या बाईने मज्जा दिली, ती त्या सकाळी नव्या वेळेने निघून दिलेल्या वेळेच्या बरोबर एक तास आधी येऊन बाकावर बाही शिवत बसली होती, आणि दवाखान्यातले सगळे तिला म्हणाले होते, "किती लवकर आलात."